सौम्य गोळीचा इतिहास आणि दुखण्याची भाषा

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांची वर्णने असतात, तहांची कलमे असतात, राजधान्यांची नावे असतात. लढाई संपल्यावर जखमींचे दुखणे कमी व्हावे म्हणून त्यांना काय दिले, कोणाला दिले आणि कोणाला दिलेच नाही, याविषयी ही पुस्तके सहसा काही सांगत नाहीत. आमचा वाशिम जिल्हाही याला अपवाद नाही. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम, हे आम्ही मुलांना शिकवतो. १८५३ मध्ये निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला, पुढे बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला, १९०५ मध्ये तो मोडून वाशिम-मंगरूळचा भाग अकोल्याला जोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला, हेही शिकवतो. परंतु या एवढ्या काळात इथल्या माणसाचे हाड मोडले, विंचू चावला, मूतखड्याची कळ आली, तेव्हा त्याने काय घेतले, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही.

आज ही माणसे इमर्जन्सीत जातात. जिल्हा रुग्णालय असो, तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय असो की खाजगी दवाखाना असो, तिथे येणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते : दुखतंय. आणि त्या दुखण्यावर बहुतेकांना जे मिळते ते साधे, सौम्य औषध असते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक. यांतले कोणते कोणाला द्यायचे, हा प्रश्न वरवर पाहता फक्त डॉक्टरांचा आहे असे वाटते. या गोळ्यांचा इतिहास वाचत गेलो तेव्हा आमचे मत वेगळे झाले. ही निवड जितकी देणाऱ्याच्या ज्ञानावर असते, तितकीच घेणाऱ्याच्या सांगण्यावर असते. म्हणून हा इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

वेदनेविषयी नीट विचारण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. इब्न सिना (९८० ते १०३७) यांच्या 'अल-कानून' या ग्रंथात वेदनेचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. खाजवणारी, टोचणारी, दाबणारी, ताणणारी, फाडणारी, मोडणारी, भोसकणारी, गिरमिटाने पोखरल्यासारखी, ठोके देणारी, बधिर करणारी, जड, चावरी अशी ती यादी आहे. ही यादी शब्दांची हौस म्हणून केलेली नाही. प्रत्येक प्रकारामागे वेगळे कारण असते आणि कारण वेगळे असेल तर इलाजही वेगळा असतो, हा त्यामागचा विचार होता. बधिर करणारी औषधे जपून वापरावीत, कारण त्यांनी वेदना लपते पण मूळ दुखणे जात नाही, हे भानही त्या परंपरेत होते. युनानी वैद्यकात वेदनेला 'वजा' म्हणतात, सांधेदुखीला 'वजउल मफासिल' म्हणतात आणि वेदना शमवणाऱ्या औषधांना 'मुसक्किन'. आपल्या भागातील जुन्या घरांत सुरंजान हा शब्द अजून ऐकू येतो. सांधेदुखीवर हकीम ते देत.

युनानी औषधांतच 'बेद' नावाचे एक झाड आहे. बेद-ए-मुश्कचा अर्क आपल्यापैकी अनेकांनी थंडावा म्हणून ऐकला किंवा चाखला असेल. हे बेद म्हणजे इंग्रजांचे विलो. वेदनाशामक गोळीचा आधुनिक इतिहास याच झाडापासून सुरू होतो, हे आम्हाला विशेष वाटते.

१७६३ मध्ये इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्रीने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. विलोची साल वाळवून, कुटून, तिची पूड त्याने हिवतापासारख्या तापाच्या सुमारे पन्नास रुग्णांना दिली होती आणि गुण आल्याचे त्याने कळवले. १८२८ मध्ये म्युनिकच्या योहान बुखनर यांनी या सालीतील कडू द्रव्य वेगळे केले. त्याला सॅलिसिन हे नाव मिळाले. त्यापासून सॅलिसिलिक आम्ल बनले. ते सांध्यांचे दुखणे थांबवत असे, पण पोट जाळत असे. १८९७ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याचे सुधारलेले रूप शुद्ध स्वरूपात तयार केले आणि १८९९ मध्ये ते 'ॲस्पिरिन' या नावाने बाजारात आले. आपल्याच कामाचे श्रेय आपल्याला मिळाले नाही, असा दावा त्याच कंपनीतील आर्थर आयशेनग्रून या ज्यू शास्त्रज्ञाने पुढे केला. नाझी राजवटीत त्यांना छळछावणीत टाकण्यात आले होते. कोणाचे नाव पुस्तकात जाते आणि कोणाचे राहून जाते, हा प्रश्न औषधांच्या इतिहासातही आहेच.

दुसरी कथा पॅरासिटामॉलची. आज वाशिमच्या कोणत्याही मेडिकलवर सहज मिळणारी ही गोळी अर्ध्या शतकाहून अधिक काळ बाजूला पडून होती. १८८६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील कान आणि हेप या दोन डॉक्टरांनी एका रुग्णासाठी नॅफ्थालिन मागवले. औषधवाल्याच्या चुकीने दुसरीच पूड आली. तिने जंत गेले नाहीत, पण ताप उतरला. ती पूड ॲसिटॅनिलाइड होती. ती 'अँटिफेब्रिन' नावाने विकली जाऊ लागली. काही रुग्णांचे ओठ आणि नखे मात्र निळी पडत, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटत होती. म्हणून १८८७ मध्ये तिची जागा घेण्यासाठी फेनॅसेटिन आले. १८९३ मध्ये योसेफ फॉन मेरिंग यांनी पॅरासिटामॉलही रुग्णांना देऊन पाहिले, पण ते फेनॅसेटिनपेक्षा अधिक घातक आहे असा समज त्यांचा झाला आणि पॅरासिटामॉल मागे पडले. १९४८-४९ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी आणि ॲक्सलरॉड यांनी दाखवून दिले की ती दोन्ही जुनी औषधे शरीरात गेल्यावर पॅरासिटामॉलमध्येच बदलतात आणि गुण येतो तो त्याच्यामुळे. १९५५-५६ पासून अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ते बाजारात आले. दरम्यान फेनॅसेटिन जगभर लाखो लोक घेत राहिले. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी नोंदवले की डोकेदुखीच्या अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे मूत्रपिंड निकामी होत आहेत. तिथल्या घड्याळांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकाही या गोळ्या रोजच्या रोज घेत. दिवसभर डोळे ताणून बारीक काम करायचे, डोके दुखले की गोळी घ्यायची आणि काम पुढे चालू ठेवायचे. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन सोंगणाऱ्या बायका संध्याकाळी अंगदुखीची गोळी मागतात, तेव्हा आम्हाला त्या घड्याळवाल्या बायका आठवतात.

ही गोळी आपल्या वऱ्हाडात डॉक्टरच्या आधी किराणा दुकानात पोचली. ॲस्प्रो, ॲनासिन, सॅरिडॉन ही नावे आमच्या आजीच्या पिढीला साखर-चहापत्तीइतकी ओळखीची होती. भिंतीवर जाहिरात, दुकानात बरणी आणि सुटी गोळी. त्या गोळीबरोबर कागद नसायचा आणि असला तरी तो इंग्रजीत असायचा. स्वातंत्र्यानंतर औषधांचे कारखाने वाढले, तशी गोळ्यांची गर्दी वाढली. १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला आणि देशाच्या गरजेची ११७ औषधे निवडून दाखवली. १९७७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची आपली पहिली यादी काढली. ॲस्पिरिन आणि पॅरासिटामॉल दोन्ही त्या यादीत होती. निवड हा शब्द इथे प्रथमच धोरणात आला, असे म्हणता येईल. सगळीच औषधे सगळ्यांना नकोत, थोडी, खात्रीची आणि स्वस्त औषधे सगळ्यांपर्यंत पोचली पाहिजेत, हा तो विचार होता.

पुढची चाळीस वर्षे गोळ्या वगळण्याची आहेत. १९८३ मध्ये भारत सरकारने ॲमिडोपायरिन आणि फेनॅसेटिन यांवर बंदी घातली. निमेसुलाइड नावाची गोळी नव्वदच्या दशकात आपल्याकडे तापावर आणि अंगदुखीवर धडाक्याने खपली. मुलांसाठी तिचे गोड औषधही निघाले. यकृताला होणाऱ्या इजेच्या तक्रारींमुळे २००२ मध्ये फिनलंड आणि स्पेनने तिची विक्री थांबवली, अमेरिकेत तिला परवाना कधीच मिळाला नाही. आपल्याकडे १२ वर्षांखालील मुलांसाठी तिच्यावर बंदी आली ती २०११ मध्ये. ॲनाल्जिनची गोष्ट आणखी निराळी. या औषधाने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात, म्हणून स्वीडनने १९७४ मध्ये आणि अमेरिकेने १९७७ मध्ये ते बंद केले. जर्मनीसह काही देशांत मात्र ते चालू राहिले. भारताने १८ जून २०१३ रोजी ते स्थगित केले आणि १३ फेब्रुवारी २०१४ रोजी अटींसह पुन्हा परवानगी दिली. तीव्र वेदना किंवा गाठीमुळे होणाऱ्या वेदना आणि इतर औषधांनी न उतरणारा ताप, एवढ्यासाठीच ते वापरावे, अशी ती अट.

या सगळ्या बंद्यांमागे एक साधी गोष्ट आहे. कुठल्या तरी रुग्णाला त्रास झाला, त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी तो सांगितला, कोणीतरी तो लिहून ठेवला आणि अशा नोंदी एकत्र आल्या. जिथे सांगितले गेले नाही, लिहिले गेले नाही, तिथे गोळी खपत राहिली.

आता इमर्जन्सीच्या खोलीत येऊ. तिथे वेदना बराच काळ दुय्यम मानली गेली. लंडनचे शल्यचिकित्सक झकरी कोप यांनी १९२१ मध्ये पोटाच्या तातडीच्या दुखण्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. ते पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी पाठ केले. निदान होण्याआधी वेदनाशामक देऊ नये, कारण वेदना लपली तर रोगही लपेल, ही शिकवण त्या पुस्तकामुळे जगभर रुजली. एक्स-रे सुद्धा जेमतेम होते, सोनोग्राफी नव्हती, अशा काळात त्या सावधगिरीला अर्थ होता. पुढे साधने बदलली तरी सवय तशीच राहिली. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये पोटदुखीच्या १०० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की आधी वेदना कमी केली तरी निदान चुकत नाही. त्याच सुमारास, १९८९ मध्ये, विल्सन आणि पेंडल्टन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आपल्याच रुग्णालयातील १९८ दुखणाऱ्या रुग्णांचे कागद तपासले. निम्म्याहून अधिक रुग्णांना इमर्जन्सीत वेदनेवर कोणतेही औषध मिळाले नव्हते.

भारतात याला आणखी एक कारण जोडले गेले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनसारखी जोरदार औषधे ठेवण्यासाठी इतके परवाने आणि नोंदी लागू केल्या की अनेक रुग्णालयांनी ती ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तरी लहान गावांपर्यंत तिचा परिणाम हळूहळूच पोचतो आहे. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी वेदनेचा बहुतेक भार सौम्य औषधांनाच उचलावा लागतो. ती योग्य रीतीने निवडली जाणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे.

सौम्य म्हणजे कमकुवत, असा आपला समज आहे. मोठ्या अभ्यासांनी तो बराचसा खोटा ठरवला आहे. कतारमधील दोहा शहरात भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून गेलेले कामगार मोठ्या संख्येने राहतात. आपल्या भागातील मुलेही आखातात जातात. तिथल्या हमद रुग्णालयाच्या इमर्जन्सीत मूतखड्याच्या कळेने आलेल्या १,६४५ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. काहींना स्नायूत डायक्लोफेनॅकची सुई, काहींना शिरेतून पॅरासिटामॉल आणि काहींना शिरेतून मॉर्फिन दिले. अर्ध्या तासात वेदना निम्म्यावर आली अशांचे प्रमाण डायक्लोफेनॅकने ६८ टक्के, पॅरासिटामॉलने ६६ टक्के आणि मॉर्फिनने ६१ टक्के होते. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन इमर्जन्सी विभागांतील असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. हातापायाच्या तीव्र दुखापतीच्या ४१६ रुग्णांत आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल एकत्र दिल्याने दोन तासांनी जो आराम पडला, तो अफूच्या जातीच्या गोळ्यांपेक्षा कमी नव्हता.

म्हणजे नुसत्या जोरावरून निवड करता येत नाही. मग ती कशावरून करायची? वाशिम जिल्ह्यात रोज घडणाऱ्या प्रसंगांवरूनच पाहू.

पावसाळ्यात शेतात साप चावतो. चावलेला पाय सुजतो, आग होते, ठणका लागतो. इथे ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे लागतात, कारण घोणस, फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि ही औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात. म्हणून वेदनेसाठी पॅरासिटामॉलकडे वळायचे, असे देशाची सर्पदंशाची मार्गदर्शिका सांगते. डेंग्यूच्या तापातही हाच नियम. २००६ मध्ये चिकनगुनियाची साथ आली. देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, महाराष्ट्रालाही तिचा मोठा तडाखा बसला. सांधे धरलेली माणसे मिळेल ती दुखण्याची गोळी खात होती. चिकनगुनिया आणि डेंग्यू सुरुवातीला सारखेच दिसतात, म्हणून डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलच घ्यावे, हा साधा नियम घरोघरी पोचायला हवा होता.

छातीत कळ येऊन माणूस आला तर गोष्ट उलटी होते. इथे ॲस्पिरिन चावून खायला देतात, पण वेदनेसाठी नव्हे. १९७१ मध्ये जॉन वेन यांनी ॲस्पिरिन शरीरात काय करते ते उलगडले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९८८ मध्ये हृदयविकाराच्या १७,१८७ रुग्णांवरील अभ्यासाने दाखवले की ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटतात. डोकेदुखीची म्हातारी गोळी अशी हृदयाची गोळी झाली. लहान मुलांच्या तापात मात्र तीच गोळी नको. फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात ॲस्पिरिन घेतलेल्या काही मुलांना रे सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा घातक आजार झाल्यामुळे १९८६ मध्ये ब्रिटनने मुलांसाठीचे ॲस्पिरिन बाजारातून काढून घेतले.

पोटात अल्सर असेल, मूत्रपिंड अशक्त असेल, उलट्या-जुलाबाने शरीर कोरडे पडले असेल, गरोदरपणाचे अर्धे दिवस उलटले असतील, तर आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक नको. रमजानच्या उन्हाळ्यात दिवसभर पाणी न घेतलेल्या माणसाने अंगदुखीसाठी ती उपाशीपोटी घेणे पोटाला आणि मूत्रपिंडालाही जड जाते. आजारी माणसाला रोजा सोडण्याची सवलत आहे, हे आपल्याला माहीत असते. पण आपण रोज्याने आहोत हे डॉक्टरांना सांगायला हवे, हे मात्र लक्षात येत नाही. पॅरासिटामॉलही निर्धोक नाही. निरोगी मोठ्या माणसाला दिवसभरात ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही त्याची वरची मर्यादा. मुलांना वजनानुसार, एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. सर्दीच्या, तापाच्या, अंगदुखीच्या वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच औषध असते. तीन दुकानांतून तीन गोळ्या आणल्या तर यकृतावर तिप्पट ओझे पडते.

आता लक्षात येईल की या प्रत्येक प्रसंगी डॉक्टरांना कळले पाहिजे असे काहीतरी आहे, आणि ते फक्त रुग्णाकडे किंवा त्याच्या घरच्यांकडे आहे. आमच्या शाळेत सहावीतील एका मुलीला ताप होता. घरी तिला मोठ्या माणसांच्या गोळीचा अर्धा तुकडा दिला होता. इमर्जन्सीत आईने 'काही दिले नाही' असे सांगितले, कारण गोळी दुकानातून आणल्याबद्दल रागावतील असे तिला वाटले. बाहेर आल्यावर तिने ते आम्हाला सांगितले, आम्ही तिला पुन्हा आत नेले आणि पाकीट दाखवले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पाकीट वाचले आणि लिहिलेले औषध बदलले. एवढीच ती घटना. पण औषध बदलले ते एका वाक्यामुळे, हे आम्ही विसरलो नाही.

सांगता येणे सगळ्यांना सारखे जमत नाही. १९९३ मध्ये लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या इमर्जन्सी विभागातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हातापायाचे लांब हाड मोडलेल्या १३९ रुग्णांत, मेक्सिको वगैरे स्पॅनिश भाषक समाजातील रुग्णांना वेदनेवर काहीच औषध न मिळण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या दुप्पट होते. हाड तेच, रुग्णालय तेच, डॉक्टरही तेच. आपल्या जिल्ह्यात असा अभ्यास कोणी करावा, ही आमची इच्छा आहे. घरात एक बोली, शाळेत उर्दू, दवाखान्यात मराठी आणि कागदावर इंग्रजी, अशा चार भाषांमधून आपल्या बायकांचे दुखणे प्रवास करते. शेवटच्या मुक्कामी त्याचे एकच वाक्य उरते : 'अंग दुखते.' सोबतचा पुरुष तेही स्वतःच सांगून टाकतो.

आम्ही एकदा सातवी-आठवीच्या मुलांना गृहपाठ दिला : घरातील मोठ्यांना विचारून दुखण्याचे शब्द लिहून आणा. मुलांनी आणले. टीस, चुभन, जलन, मरोड, ऐंठन, कसक. आणि मराठीतून कळ, ठणका, चमक, उसण, शिणक, मुरडा, ठसठस, कणकण. एका मुलाच्या आजीने तर डोके 'ठोकते' आणि डोके 'भणभणते' यांतला फरक समजावून पाठवला होता. १९७५ मध्ये मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी रुग्णांकडून वेदना समजून घेण्यासाठी ७८ शब्दांची, २० गटांत मांडलेली प्रश्नावली तयार केली. ती जगभर वापरली जाते. इब्न सिनांच्या पंधरा प्रकारांनंतर साडेनऊशे वर्षांनी वैद्यक पुन्हा शब्दांकडे आले. आमच्या मुलांच्या आज्यांकडे ते शब्द आधीपासून होते. दवाखान्याच्या दारात मात्र त्या गप्प होतात.

आणखी एक अडचण सुईची. गोळी दिली तर 'काहीच केले नाही' आणि सुई दिली तर 'बरे डॉक्टर आहेत', ही आपल्याकडची समजूत फार जुनी आहे. मूतखड्यासारख्या कळेत किंवा उलट्या होत असताना सुईला अर्थ आहे. साध्या मुरगळण्यात गोळीही तेच काम करते, थोडी उशिरा. दर वेळी सुई मागून आपण डॉक्टरांच्या निवडीतला शहाणपणा कमी करतो आणि मग औषधे जास्त दिली म्हणून त्यांनाच बोल लावतो.

सुविधा वाढल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह उपचार निःशुल्क झाले. २०१८ मध्ये आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत ज्या वाशिमचे नाव होते, तिथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डिसेंबर २०२२ मध्ये खुला झालेला समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो आणि त्यावरच्या अपघातांतील जखमी इथल्याच इमर्जन्सीत येतात. उद्या याच महाविद्यालयातून डॉक्टर बाहेर पडतील. त्यांना आपल्या बोलीतले दुखण्याचे शब्द कळावेत, अशी अपेक्षा आम्ही ठेवतो. तशी आपल्याकडूनही काही अपेक्षा आहे.

ती फार मोठी नाही. घरातल्या प्रत्येकासाठी एक लहान कागद असावा, उर्दूत लिहा की मराठीत लिहा. त्यावर वय आणि मुलांचे वजन, कोणत्या औषधाने पूर्वी पुरळ किंवा सूज आली होती, पोटाचा, मूत्रपिंडाचा, यकृताचा, दम्याचा आजार आहे का, रोजची औषधे कोणती, आणि बाई गरोदर आहे का, एवढे असावे. इमर्जन्सीत जाताना घरी दिलेल्या गोळीचे पाकीट सोबत घ्यावे, दुकानातून आणलेली असली तरी. दुखणे किती आहे हे सांगताना कसे आहे तेही सांगावे, टोचते की ठणकते, आणि ते ज्याचे दुखते त्यालाच बोलू द्यावे. शाळांनी हा कागद मुलांकडून वर्गातच भरून घ्यावा. आम्ही या वर्षी आमच्या वर्गांत तो भरून घेत आहोत. बहुतेक मुलांना आईच्या औषधांची नावे माहीत नाहीत, असे दिसून आले. आता ती घरी विचारू लागली आहेत.